दहा भागांचं बजेट आणि दोन कान

भाचीने पाठवलेल्या डीजे कंट्रोलरच्या, म्हणजे लॅपटॉपमधली गाणी हाताने मिसळायच्या यंत्राच्या, फोटोत यंत्र कमी आणि दिवेच जास्त दिसत होते. चार चॅनेल (एका वेळी चार गाण्यांची सोय), दोन्ही जॉग व्हीलच्या (हाताने फिरवायच्या चकत्यांच्या) मधोमध इवलासा स्क्रीन, खाली रंगीबेरंगी पॅडच्या रांगा. सोबत एक ओळ : "मामा, हा घेऊ का? सगळे पैसे यातच जातील, पण मग पुन्हा काही घ्यावं लागणार नाही."

'पुन्हा काही घ्यावं लागणार नाही' हे वाक्य मी शिकाऊंच्या तोंडून इतक्यांदा ऐकलंय की आता त्याला उत्तर देत नाही, उलट प्रश्न विचारतो. तिला विचारलं, "एक गाणं लोकांना ऐकू येत असताना दुसरं फक्त तुला कसं ऐकू येणार?" तिने कानात घालायचे वायरलेस इअरबड दाखवले. तिथून पुढे चारेक महिने जे झालं, ते इथे लिहून ठेवतोय. मी हौसेने वाजवतो, धंदा म्हणून नाही. त्यामुळे यातली मतं एका हौशी माणसाची आहेत.

हाताशी काय होतं

आठ जीबी रॅमचा, चार वर्षं जुना लॅपटॉप. एक ब्लूटूथ स्पीकर, ज्याला मागे ऑक्सचं, म्हणजे वायरीने आवाज घ्यायचं, भोक होतं (हे भोक पुढे महत्त्वाचं ठरणार आहे). ते इअरबड. गाणी जवळपास सगळी स्ट्रीमिंगवर, स्वतःच्या फायली म्हणाव्यात तर बोटावर मोजण्याइतक्या. वाजवायचं होतं मुख्यतः हाऊस, जमलं तर हिपहॉप. लोकांसमोर वाजवायची घाई नव्हती.

पैशाचा आकडा सांगत नाही, तो प्रत्येकाचा वेगळा. तिच्या रकमेचे दहा भाग धरू. तिच्या बेतात नऊ भाग कंट्रोलरला आणि उरलेला एक 'बाकी सगळ्याला' होता. बाकी सगळं म्हणजे काय, हे मात्र तिने कागदावर मांडलं नव्हतं. मांडायला बसलो तेव्हा यादी निघाली : हेडफोन, केबली, गाणी, लॅपटॉप उंचावर ठेवायचा स्टँड, आणि स्पीकर. हे सगळं एका भागात बसणं अशक्य होतं.

माझी अट एकच होती. आधी एक महिना काहीही विकत घ्यायचं नाही. म्हणजे जवळजवळ काहीच नाही.

कीबोर्डवरचा महिना

मिक्स (Mixxx) नावाचं डीजे सॉफ्टवेअर फुकट आणि मुक्त स्रोत आहे. ते लॅपटॉपवर टाकलं. त्यात कीबोर्डवर डी दाबलं की डावा डेक (डाव्या बाजूचं गाणं) सुरू होतो, एल दाबलं की उजवा. एवढ्यावर दोन गाणी एकत्र वाजवता येतात, पण खरा पेच पुढेच असतो. लॅपटॉपच्या साउंड कार्डाला बाहेर जाणारी वाट एकच, डावा-उजवा मिळून एक स्टिरिओ जोडी. लोकांना एक आणि आपल्याला दुसरं ऐकवायचं तर दोन जोड्या लागतात.

म्हणून बोटाएवढं एक स्वस्त यूएसबी साउंड कार्ड घेतलं. एवढाच त्या महिन्याचा खर्च. मिक्समध्ये मुख्य आवाज यूएसबी कार्डातून स्पीकरला आणि हेडफोनचा आवाज लॅपटॉपच्या स्वतःच्या जॅकमधून, अशी वाटणी लावली. कानाला कुठल्याशा जुन्या फोनबरोबर आलेले वायरवाले इअरफोन.

याची गरज काय, हे समजायला थोडं मागे जायला हवं. ११ ऑगस्ट १९७३ रोजी न्यूयॉर्कच्या ब्रॉन्क्समध्ये डीजे कूल हर्कने जी पार्टी केली तिथून हिपहॉपची गोष्ट सुरू झाली असं मानतात. गाण्यातला नाचायला सगळ्यात जोरकस तुकडा दोन टर्नटेबलांवर लांबवायची त्याची युक्ती होती, पण सुई तो नजरेच्या अंदाजाने टेकवायचा. त्याच्यानंतरचा ग्रँडमास्टर फ्लॅश इलेक्ट्रॉनिक्स शिकलेला. त्याने स्वतः स्विचची जोडणी करून दुसरी तबकडी आधी हेडफोनमध्ये ऐकायची सोय केली आणि मग तुकड्याला तुकडा अचूक जुळू लागला. न्यूयॉर्कच्या क्लबांसाठी बांधलेल्या मिक्सरांमध्येही त्याच सुमारास ही सोय येत होती. आज प्रत्येक चॅनेलवर हेडफोनचं चित्र असलेलं जे बटण दिसतं, ते हेच. त्याला क्यू म्हणतात. माझ्या लेखी डीजेचं यंत्र या बटणापासून सुरू होतं, आणि स्वस्त सामान निवडताना पहिली चाळणी याचीच लावावी.

महिनाभरात भाचीच्या दोन गोष्टी लक्षात आल्या. एक म्हणजे कीबोर्डवर टेम्पो (गाण्याचा वेग) पायरी-पायरीने बदलतो, हातात स्लायडर असता तर किती बरं झालं असतं. दुसरी म्हणजे तिने डाऊनलोड केलेल्या फायलींपैकी निम्म्यांचा सुरुवातीचा भाग मिसळण्याच्या कामाचाच नाही. त्या रेडिओसाठी कापलेल्या होत्या. बीट सुरू व्हायच्या आतच गायक गायला लागतो, मग मिसळायचं कुठे?

मग काय काय पाहिलं

टर्नटेबलचा विषय तिनेच काढला. जुन्या चित्रांमधलं टेक्निक्सचं एसएल-१२०० तिला आवडायचं. ते १९७२ मध्ये आलं, आणि क्लबांमध्ये जे राज्य केलं ते १९७९ च्या एमके२ ने. थेट मोटरवर फिरणारी ताटली, अधिक-उणे आठ टक्क्यांचा वेग बदलायचा सरळ पिच स्लायडर. यंत्र उत्तमच, पण दोन ताटल्या, मिक्सर, सुया, आणि वर प्रत्येक गाण्याची तबकडी. यात दहाचे वीस भाग झाले असते. पट्ट्यावर फिरणारं स्वस्त टर्नटेबल हा त्याहून वाईट मार्ग, कारण तबकडी धरून सोडली की वेग पकडायलाच त्याला वेळ लागतो. विषय पाच मिनिटांत संपला.

मग कंट्रोलर. पायोनियर डीजेचा डीडीजे-२०० दिसायला आटोपशीर आणि खिशाला हलका, पण त्यात साउंड कार्ड नाही. मुख्य आवाज आणि क्यू वेगळे करायला सोबत येणारी दुभागणारी केबल लावायची, म्हणजे डावा कान लोकांचा आणि उजवा आपला, दोन्ही मोनो. फोनवर शिकणाऱ्याला चालतं. आम्ही मात्र बोटाएवढ्या कार्डाच्या कटकटीतून नुकतेच सुटू पाहत होतो. नुमार्कचा डीजेटूगो२ टच पिशवीत मावतो आणि त्यात साउंड कार्डही आहे, पण त्याचे स्लायडर बोटाच्या पेराएवढे. हर्क्युलिसच्या इनपल्स ३०० वर बीट जुळतोय की नाही हे दाखवणारे दिवे आहेत. काही शिकाऊंना त्याचा फार आधार वाटतो. डीडीजे-एफएलएक्स४ सगळ्याच बाबतींत नेटका, रेकॉर्डबॉक्स आणि सेराटो या दोन्ही डीजे सॉफ्टवेअरबरोबर चालतो. पण नवा घेतला तर आमच्या दहापैकी आठ भाग त्यात जात होते, आणि हेडफोनला मी दोनाच्या खाली उतरायला तयार नव्हतो. मग गाण्यांना काहीच उरलं नसतं.

चार चॅनेलवाला तो झगमगता? तिला म्हटलं, आत्ता दोन गाण्यांचे बेस एकमेकांवर चढतायत, चार कशाला? ती हसली, आणि तो विषय निदान तेव्हापुरता तरी मिटला.

उरला सेकंडहँडचा रस्ता.

लॅपटॉप घेऊन विक्रेत्याकडे

पहिला कंट्रोलर दिसायला नव्यासारखा होता. आम्ही आमचाच लॅपटॉप नेला होता, कारण विक्रेत्याच्या लॅपटॉपवर चालतं याला काही अर्थ नसतो. जोडला. बटणं दाबली की सॉफ्टवेअरमध्ये हालचाल दिसत होती, आवाज मात्र येईना. बटणांचे संदेश कुठलाही संगणक बहुधा ओळखतो. आतल्या साउंड कार्डाला मात्र कंपनीचा ड्रायव्हर (यंत्र ओळखायला संगणकात घालायचं छोटं सॉफ्टवेअर) लागत होता, आणि आमच्या लॅपटॉपच्या विंडोजसाठी तो कंपनीने बनवायचाच थांबवला होता. विक्रेता प्रामाणिक होता. त्याचा लॅपटॉप जुना, त्यावर कधीच अडलं नव्हतं. ते यंत्र तिथेच सोडून आलो.

दुसरा दोन चॅनेलचा, उत्पादन बंद झालेला, पण ड्रायव्हर कंपनीच्या साइटवर अजून मिळणारा. हे आम्ही जायच्या आधीच पाहून ठेवलं होतं, पहिल्यातून तेवढं शिकलो होतो. इथे अर्धा तास घालवला, आणि तो अर्धा तास मला सगळ्यात उपयोगाचा वाटतो.

यूएसबी केबल लावून तिचं टोक हलकेच वर-खाली हलवलं. सॉकेट सैल असेल तर यंत्र मधेच सुटतं आणि ऐन वेळी दोन्ही गाणी बंद पडतात. हे सुटलं नाही. हेडफोनचा प्लग जॅकमध्ये फिरवला, किंचित खरखर आली आणि दोन-चार वेळा काढघाल केल्यावर गेली. धूळ होती. क्रॉसफेडर (आवाज एका गाण्यावरून दुसऱ्यावर नेणारी आडवी पट्टी) पूर्ण डावीकडे नेऊन उजव्या डेकवर मोठ्या आवाजाचं गाणं लावलं आणि हेडफोनमध्ये मुख्य आवाज ऐकला : उजवं गाणं झिरपतंय का? नाही. जॉग व्हीलच्या वरच्या भागावर नुसतं बोट टेकवलं की गाणं थांबायला हवं, उचललं की तत्काळ चालू. डाव्याचं झालं. उजव्याला एका जागी दोनदा दाबावं लागत होतं. तिथे भाव थोडा उतरला.

टेम्पो स्लायडर मात्र तिने स्वतः तपासला, कारण महिनाभर तिचं घोडं तिथेच अडलं होतं. त्याला हात न लावता स्क्रीनवरचा बीपीएम (मिनिटाला किती बीट) पाहत राहिली. आकडा आपोआप थरथरला तर आतला घासपट्टा झिजलेला समजावा. आकडा स्थिर होता. मग तिने स्लायडर नखाने केसभर सरकवला आणि आकडा किती उडी मारतो ते पाहिलं.

ही उडी का पाहायची? बटणं आणि स्लायडर संगणकाशी बहुधा मिडी या भाषेत बोलतात. ती भाषा १९८३ सालची, आणि तिच्या साध्या संदेशात कुठल्याही स्लायडरला १२८ च पायऱ्या असतात. अधिक-उणे आठ टक्के म्हणजे एकूण सोळा. त्याचे १२८ तुकडे केले की एक पायरी ०.१२५ टक्क्याची, म्हणजे १२८ बीपीएमच्या गाण्यात ०.१६ बीपीएमची. हवा तो वेग दोन पायऱ्यांच्या बरोबर मधे पडला तर चूक ०.०८ बीपीएम. म्हणजे मिनिटाला जवळपास ३७ मिलिसेकंदांची घसरण. दोन किक ड्रम इतके सरकले की 'धप्'चं 'धडप्' होतं. चांगल्या कंट्रोलरमध्ये दोन संदेश जोडून सोळा हजारांच्या वर पायऱ्या करतात, मग हा प्रश्न उरत नाही. स्वस्तातल्या स्वस्त यंत्रांत काटकसर इथेही होते, आणि ती डब्यावर कुठे छापलेली नसते. या कंट्रोलरवर केसभर सरकवल्यावर आकडा ०.०१ ने बदलला. भाचीने माझ्याकडे पाहिलं. घेतला.

पाच भाग गेले. हेडफोनला दोन : कान पूर्ण झाकणारे, वायरवाले, एक कप मागे वळवता येणारे, पॅड आणि केबल सुटी बदलता येणारी. गाण्यांना एक भाग, त्यात तिने पूर्ण लांबीच्या, सुरुवातीला नुसता बीट असलेल्या तीसेक फायली विकत घेतल्या. तीस गाणी कमी वाटतात, पण ती तोंडपाठ होतात. केबली आणि स्टँडला अर्धा. दीड भाग शिल्लक. यूएसबी २ चं पोर्ट ५०० मिलिअँपिअरपर्यंतच वीज देतं आणि असे कंट्रोलर त्यावरच जगतात, म्हणून साधा हब मधे न घालता थेट लॅपटॉपला जोडायची सवय लावली. वेगळा खर्च नाही.

दोन आठवडे काहीच जमेना

इथे मी चुकलो, आणि चूक माझ्या लक्षातही उशिरा आली.

ती रोज तासभर बसायची. एक कान हेडफोनमध्ये, दुसरा उघडा. चालू गाणं स्पीकरमधून, पुढचं हेडफोनमधून, दोन्ही किक एकावर एक बसवायच्या. बसल्यासारख्या वाटायच्या. नव्या गाण्याचा फेडर (आवाज वाढवायची उभी पट्टी) वर केला की घोडा दौडावा तशी टपटप-टपटप. रेकॉर्डिंग पाठवलं त्यातही तेच. मी म्हटलं कान तयार व्हायला वेळ लागतो. वेग आपोआप जुळवणारं सिंक बटण वापरू नकोस, सराव कर. (सिंक म्हणजे फसवणूक असं मी मानत नाही. पण पहिले काही महिने ते झाकून ठेवावं, आणि स्क्रीनवर दिसणाऱ्या गाण्याच्या लाटाही. नाहीतर डोळे शिकतात आणि कान तसेच राहतात.)

मग एका रेकॉर्डिंगमध्ये जाणवलं की चूक प्रत्येक वेळी एकाच बाजूला आणि जवळपास तेवढीच आहे. शिकाऊची चूक कधी पुढे कधी मागे होते. इथे नवं गाणं दरवेळी तेवढ्याच अंतराने मागे पडत होतं. फोन केला.

"स्पीकरला काय लावलंयस?"

"ब्लूटूथ. आधीपासूनच जोडलेला होता ना."

कीबोर्डच्या महिन्यात आवाज ऑक्सच्या वायरीतून जात होता. नवा कंट्रोलर आल्यावर ती वायर कंट्रोलरच्या लाल-पांढऱ्या आरसीए भोकांत बसेना, म्हणून तिने सॉफ्टवेअरमधून मुख्य आवाज पुन्हा ब्लूटूथवर वळवला होता. नेहमीच्या ब्लूटूथमध्ये आवाज दीड-दोनशे मिलिसेकंद उशिरा पोचतो. १२० बीपीएमला एक बीट पाचशे मिलिसेकंदांचा, त्यातला तीस-चाळीस टक्के भाग वाटेतच हरवत होता. ती उशिरा आलेल्या आवाजाशी नवं गाणं इमानेइतबारे जुळवत होती. कान बिघडलेले नव्हतेच, उलट इतके नेमके होते की चूक दरवेळी तेवढीच येत होती.

आरसीएवरून ऑक्सला जाणारी एक केबल, बस. त्याच संध्याकाळी पहिलं मिश्रण बसलं. अर्ध्या मिनिटाचं, पण बसलं. १२८ बीपीएमला अर्धं मिनिट म्हणजे चौसष्ट बीट, सोळा बार. एवढ्यात जुन्या गाण्याचा बेस उतरवून नव्याचा चढवायचा असतो, आणि तिने तो उतरवला नव्हता, त्यामुळे आवाज गढूळ झाला. ते मी त्या दिवशी बोललो नाही.

वायर लावली तरी अंतराचा उशीर राहतोच, हे जाता जाता. आवाज सेकंदाला सुमारे ३४३ मीटर जातो. खोलीत स्पीकर तीन मीटरवर असेल तर नऊ मिलिसेकंद, चालून जातं. मोठ्या हॉलमध्ये मुख्य स्पीकर वीस मीटरवर असेल तर अठ्ठावन्न, आणि ते नाही चालत. म्हणून डीजेच्या टेबलाशेजारी त्याच्यापुरता वेगळा स्पीकर ठेवतात, आणि तो नसेल तर दोन्ही गाणी हेडफोनमध्येच मिसळून ऐकायची. त्यासाठी कंट्रोलरवर क्यू आणि मास्टर (मुख्य आवाज) यांचं प्रमाण ठरवणारी एक छोटी गोल खुंटी असते. तिच्या कंट्रोलरवर ती होती. खरेदीच्या वेळी मी ती तपासायलाच विसरलो होतो, नशिबाने निभावलं.

लॅपटॉपचा स्वतःचा उशीरही याच सुमारास पाहिला. सेटिंगमध्ये बफर, म्हणजे आवाज बाहेर सोडण्याआधी लॅपटॉप साठवून ठेवतो तो तुकडा, १०२४ नमुन्यांचा होता, ४४.१ किलोहर्ट्झला तेवीस मिलिसेकंद. जॉग फिरवला की गाणं चिकटल्यासारखं मागून यायचं. कंपनीचा एएसआयओ (आवाजाचा उशीर कमी करणारा) ड्रायव्हर निवडून २५६ वर आणला, जेमतेम सहा. आठ जीबीच्या लॅपटॉपला तो पेलला, फक्त ब्राउझर बंद ठेवावा लागला. १२८ वर आवाज तुटायला लागला, तेव्हा परत २५६.

आता

उजव्या जॉगची ती एक जागा अजून तशीच आहे. भाची तिथे बोट नेतच नाही, थोडं वर धरते. पाहणाऱ्याला ती तिची लकब वाटते. तीस गाण्यांची सत्तर झाली आहेत, सगळी दीड भागाच्या शिलकीतून. दर आठवड्याला दोन-तीनच घ्यायची आणि बीटग्रिड (सॉफ्टवेअरने गाण्यावर आखलेल्या बीटच्या खुणा) हाताने तपासूनच लायब्ररीत टाकायची हा नियम तिने स्वतःच घालून घेतला, मी सुचवला नव्हता.

परवा पुन्हा एक फोटो आला. या वेळी दिवे नव्हते. हेडफोनचा डावा पॅड, शिवणीवर उसवलेला, आतला स्पंज बाहेर. खाली प्रश्न : "एकच मिळतो का जोडी घ्यावी लागते?" जोडीच घे म्हटलं. उजवा अजून ठीक आहे, पण नवा-जुना पॅड एकत्र लावले की दोन कानांना दोन वेगळे बेस ऐकू येतात.